निकाल ठाऊक असलेल्या मतदानाची तयारी : बोगनव्हिलचे सार्वमत

नेरूळच्या आमच्या अभ्यासगटात हे प्रकरण पहिल्यांदा मांडले, तेव्हा सगळी चर्चा ऐरोलीच्या एका शाळेतील बाईंच्या प्रश्नापाशी येऊन थांबली. शाळा सांभाळून त्या अनेक वर्षे बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम करतात. घरोघर जाऊन मतदार यादी तपासणे, दुबार नावे शोधणे, मयतांची नावे वगळणे, या सगळ्यातून त्या गेलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "सर, कौल स्वातंत्र्याच्याच बाजूने जाणार हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. मग इतकी वर्षं तयारी कसली केली?"

प्रश्न रास्त होता. पापुआ न्यू गिनी या देशाचा भाग असलेल्या बोगनव्हिल बेटांवर २३ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१९ या काळात सार्वमत झाले. स्वातंत्र्याच्या बाजूने १,७६,९२८ आणि अधिक स्वायत्ततेच्या बाजूने ३,०४३ मते पडली. १,०९६ मतपत्रिका बाद ठरल्या. वैध मतांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मते एकाच बाजूला गेली आणि हा आकडा पाहून त्या भागाचा जाणकार कोणीही चकित झाला नाही. तरीही या मतदानाचा करार २००१ सालचा आहे, म्हणजे तयारीला अठरा वर्षे लागली. माझ्या मते ही तयारी निकाल ठरवण्यासाठी नव्हतीच. ज्यांनी एकमेकांची माणसे मारली होती त्यांना एका रांगेत उभे राहता यावे, आणि जो निकाल येईल तो खोटा आहे असे म्हणायला कोणालाही जागा उरू नये, यासाठी ती होती. हे काम तिथे बऱ्याच अंशी साधले. निकालानंतर काय करायचे याची तयारी मात्र अर्धवट राहिली आणि तिची किंमत ते बेट आजही मोजते आहे.

खाणीपासून युद्धापर्यंत

आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांत फुलणारी बोगनवेल आणि हे बेट, दोघांनाही एकाच फ्रेंच दर्यावर्दीचे नाव मिळाले आहे. बेटाचा आकार सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र सार्वमताच्या वेळी तीन लाखांच्या आसपास होती. नोंदलेले मतदार दोन लाखांहून थोडे अधिक, म्हणजे ठाणे शहरातल्या एका विधानसभा मतदारसंघातही याहून जास्त मतदार असतात. वीसहून अधिक भाषा बोलणाऱ्या या बेटावर एकमेकांशी बोलण्यासाठी तोक पिसिन ही समाईक भाषा वापरली जाते.

भूगोलाने आणि नातेसंबंधांनी हे बेट शेजारच्या सॉलोमन बेटांना जवळचे आहे, पण वसाहतींच्या वाटण्यांत ते आधी जर्मनांकडे आणि नंतर ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली न्यू गिनीसोबत गेले. १ सप्टेंबर १९७५ रोजी, म्हणजे पापुआ न्यू गिनी स्वतंत्र होण्याच्या पंधरा दिवस आधी, तिथल्या नेत्यांनी आपले वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले होते. त्याला कोणी मान्यता दिली नाही आणि पुढच्या वर्षी प्रांतिक सरकार देऊन तो विषय मिटवण्यात आला. १ सप्टेंबर ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, ती पुन्हा येणार आहे.

संघर्षाचे तात्कालिक कारण पांगुना येथील तांब्याची प्रचंड उघडी खाण हे होते. १९७२ मध्ये उत्पादन सुरू झालेली ही खाण देशाच्या निर्यातीचा मोठा हिस्सा उचलत होती, तिचा गाळ मात्र जाबा नदीच्या खोऱ्यात साचत होता आणि जमिनीच्या मालकांना मिळणारा वाटा नगण्य होता. बेटाच्या बहुतेक भागांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. खाणीसाठी जमीन घेताना करारमदार पुरुषांशी झाले, हक्क ज्यांचा होता त्या स्त्रियांना फारसे कोणी विचारले नाही. खाणीत पूर्वी सर्वेक्षक असलेले फ्रान्सिस ओना यांनी नुकसानभरपाईची मागणी लावून धरली, १९८८ च्या अखेरीस वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले जाऊ लागले आणि मे १९८९ मध्ये खाण बंद पडली, ती आजतागायत बंद आहे.

आमच्या गटातील एक काका बेलापूर पट्टीतल्या आगरी कुटुंबातले आहेत; सिडकोसाठी जमिनी गेल्या तेव्हा ते शाळेत होते. हा भाग वाचून झाल्यावर ते एवढेच म्हणाले की, प्रकल्पग्रस्त हा शब्द त्यांच्या भाषेत आहे का ते शोधा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, ही आपल्या भागाची आठवण. दोन्ही प्रसंग सारखे आहेत असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे तक्रार सांगायला मोर्चा, विधानसभा, न्यायालय अशा वाटा होत्या आणि त्या शेवटी कुठेतरी पोहोचल्या. बोगनव्हिलमध्ये त्या वाटा बुजल्या आणि जमिनीच्या मोबदल्याची मागणी वेगळ्या देशाची मागणी झाली.

त्यानंतरच्या दशकभरात किती माणसे गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. सर्वाधिक सांगितला जाणारा आकडा वीस हजारांपर्यंत जातो. त्यातले पुष्कळ मृत्यू गोळीने झालेले नाहीत. १९९० पासून सरकारने बेटाची नाकेबंदी केली, औषधे पोहोचेनात, आणि साध्या आजारांनी, बाळंतपणात माणसे दगावली. सार्वमताच्या तयारीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे युद्ध केवळ बेट विरुद्ध राजधानी असे राहिले नाही. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या क्रांतिकारी सेनेच्या जाचाला कंटाळून बेटावरच्याच काही लोकांनी सरकारच्या मदतीने प्रतिकार दले उभारली आणि गावागावांत, कुळाकुळांत रक्त सांडले. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या ९८ टक्क्यांच्या आत ही भेग होती. बाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

तीन खांबांचा करार

१९९७ च्या सुरुवातीला पंतप्रधान ज्युलियस चॅन यांच्या सरकारने बेट जिंकण्यासाठी सँडलाइन या कंपनीमार्फत भाडोत्री सैनिक आणले. त्यांच्याच लष्करप्रमुखाने, जेरी सिंगिरोक यांनी, त्याला उघड विरोध केला आणि चॅन यांना बाजूला व्हावे लागले. शस्त्राने हे सुटणार नाही हे दोन्ही बाजूंना त्यानंतर उमगले. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील बर्नहॅम येथे बेटावरचे गट आधी आपसांत बोलले, मग सरकारशी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी घरातले भांडण, मग दारातले. ३० एप्रिल १९९८ रोजी अरावा येथे कायमची शस्त्रसंधी झाली आणि तिच्यावर देखरेख ठेवायला न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी आणि वानुआतू या देशांतून आलेली माणसे निःशस्त्र होती. पिवळे सदरे घालून ती गावोगाव फिरत. ज्यांच्या हातात बंदूक नाही त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी गावकऱ्यांवर येते, हा त्यातला विचार होता आणि तो खरा ठरला.

३० ऑगस्ट २००१ रोजी अरावा येथेच शांतता करारावर सह्या झाल्या. स्वायत्तता, शस्त्रत्याग आणि सार्वमत हे त्याचे तीन खांब. सार्वमतावर घोडे अडले होते. बेटाला ते ताबडतोब आणि बंधनकारक हवे होते, सरकारला नकोच होते. ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर डाउनर यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: सार्वमत होईल, त्यात स्वातंत्र्य हा पर्याय असेलच, पण ते पहिले स्वायत्त सरकार निवडून आल्यापासून दहा वर्षांच्या आत होणार नाही आणि पंधरा वर्षांच्या पुढे ढकलले जाणार नाही, निकालानंतर दोन्ही सरकारे सल्लामसलत करतील आणि अंतिम शब्द राष्ट्रीय संसदेचा राहील. पहिली निवडणूक २००५ मध्ये झाली, जोसेफ काबुई अध्यक्ष झाले आणि सार्वमताची मुदत २०१५ ते २०२० अशी आखली गेली.

आमच्या गटातील काही तरुणांना हा विलंब म्हणजे सरकारची चालढकल वाटली. राजधानीतल्या काही जणांच्या मनात ती आशा होती हेही खरे. पंधरा वर्षांत लोक विसरतील, चांगला कारभार पाहून मन बदलेल, असा हिशेब असावा. परंतु विलंबाला दोन कुलपे होती. पहिले, कमाल मुदत ठरलेली होती. दुसरे, करार देशाच्या राज्यघटनेत चौदावा भाग म्हणून घालण्यात आला आणि बेटाच्या संमतीशिवाय तो बदलता येणार नाही अशी तरतूद झाली. शेवटची तारीख नसलेल्या आश्वासनाचे काय होते ते पश्चिम सहारात दिसते. तिथे सार्वमतासाठी संयुक्त राष्ट्रांची मोहीम १९९१ पासून तळ ठोकून आहे आणि मतदान अद्याप झालेले नाही.

पोट गार होणे

तयारीचा सर्वांत कठीण भाग शस्त्रांचा होता आणि त्याची रचना पाहण्यासारखी आहे. गावपातळीवरच्या तुकड्यांनी आधी आपली शस्त्रे पेट्यांत ठेवून आपल्याच वरिष्ठांकडे द्यायची. मग ती मोठ्या कंटेनरमध्ये जायची, त्याला दोन कुलपे. एक किल्ली स्थानिक कमांडरकडे, दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकाकडे. त्या शस्त्रांचे पुढे काय करायचे हे तिसऱ्या टप्प्यात ठरवायचे. म्हणजे पहिल्या दिवशी कोणालाही शरण या असे सांगितले गेले नाही. किल्ली आपल्याही खिशात आहे या भरवशावर माणसे बंदूक ठेवायला तयार झाली. शिवाय दुसरा टप्पा पूर्ण झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी प्रमाणित केल्याखेरीज स्वायत्ततेच्या घटनात्मक तरतुदी लागू होणार नव्हत्या. ते प्रमाणपत्र २००३ मध्ये मिळाले. नंतर सुमारे दोन हजार शस्त्रे नष्ट करण्यात आली. त्यांत आधुनिक रायफली होत्या, तशीच दुसऱ्या महायुद्धात बेटावर राहून गेलेल्या हत्यारांतून आणि लोखंडी नळ्यांतून घडवलेली गावठी शस्त्रेही होती.

सगळी आली का? नाही. फ्रान्सिस ओना आणि त्यांच्या 'मेकामुई' या गटातले अनुयायी या प्रक्रियेत सामील झालेच नाहीत. पांगुनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे नाके होते आणि तो मुलूख बाहेरच्यांना बंद होता. २००५ मध्ये ओना वारले, तरी गट राहिला. सक्तीने ते नाके मोडावेत असा विचार पुढे आला असता तर शांतता तिथेच संपली असती. त्याऐवजी वर्षानुवर्षे बोलणी चालू ठेवण्यात आली आणि सार्वमत जवळ आले तसे मेकामुईचे बहुतेक नेते त्यात आले. स्वायत्त सरकारने गाव आणि मतदारसंघ 'सार्वमताला सज्ज' असल्याचे जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठी शस्त्रे गेलेली असावीत, कायदा-सुव्यवस्था असावी आणि आपसांतले वैर मिटवण्याचे काम झालेले असावे, अशी अपेक्षा होती. अमुक तारखेला मतदान आहे, तोवर तुमच्या गावातले मिटवा, असे सांगता येऊ लागले. मतदानाची तारीख हेच समेटाचे निमित्त झाले.

समेटाचे काम सरकारी कागदांनी झालेले नाही. तोक पिसिनमध्ये 'बेल' म्हणजे पोट आणि मनही. 'बेल कोल' म्हणजे पोट गार होणे. आपणही राग पोटातच ठेवतो, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बेल कोल हा समेट नव्हे. समोरासमोर बसून बोलता यावे इतका राग शांत करण्याचा तो आधीचा विधी आहे. त्यानंतर कुठे चुकले, कोणी कोणाला मारले, प्रेत कुठे पुरले, हे सांगण्याची पाळी येते. मारले गेलेल्यांच्या अस्थी मिळाल्याखेरीज अनेक कुटुंबे पुढे सरकायला तयार नव्हती. मग डुकरे दिली जातात, शंखशिंपल्यांच्या माळांचे पारंपरिक चलन दिले जाते, बाण मोडले जातात, सुपारी एकत्र चघळली जाते. एकेका समेटाला महिने, कधी वर्षे लागतात. या सगळ्यात स्त्रियांचे स्थान मोठे होते; युद्ध चालू असतानाच जंगलात जाऊन आपल्या मुलांना परत बोलावणाऱ्या आयांनी हे काम सुरू केले होते आणि जमीन त्यांची असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते.

तुलनेसाठी तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेले पूर्व तिमोर. तिथल्या सार्वमताचा करार ५ मे १९९९ रोजी झाला आणि मतदान ३० ऑगस्टला, अवघ्या चार महिन्यांत. संयुक्त राष्ट्रांनी साडेचार लाख मतदारांची नोंदणी केली, मतदान ९८ टक्क्यांहून अधिक झाले, ७८.५ टक्के लोकांनी स्वायत्तता नाकारून स्वातंत्र्याची वाट धरली. निवडणूक व्यवस्थापन म्हणून त्यात खोट काढणे अवघड आहे. पण सुरक्षेची जबाबदारी करारानेच इंडोनेशियाच्या दलांकडे ठेवली होती आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या सशस्त्र टोळ्यांची हत्यारे कोणी काढून घेतली नव्हती. निकालानंतर गावे जाळण्यात आली, त्या वर्षीच्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मारली गेली आणि २० सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय फौज उतरेपर्यंत फार उशीर झाला होता. यादी आणि मतपेटी तयार होती; बंदुका तशाच होत्या. या दोन प्रकरणांत निवड करायची झाली तर मी बोगनव्हिलची संथ अठरा वर्षे निवडीन, आणि त्यासाठी लोकांना वाट पाहायला लावल्याचा दोषही पत्करीन.

यादीत कोण

बीएलओ बाईंनी सर्वांत बारकाईने वाचलेला भाग मतदार यादीचा. त्यांचे म्हणणे असे की, यादीवरचा आक्षेप मतदानाआधी आला तर ते काम असते, मतदानानंतर आला तर ते भांडण होते. संघर्षग्रस्त प्रदेशात हे शतपटीने खरे आहे. पश्चिम सहारात २००० च्या सुरुवातीला सुमारे ८६ हजार पात्र मतदारांची तात्पुरती यादी निघाली आणि तिच्यावर सव्वा लाखाहून अधिक अपिले आली. ती प्रक्रिया तिथेच रुतली. सुदानमधील आब्येई या भागासाठी दक्षिण सुदानबरोबरच जानेवारी २०११ मध्ये वेगळे सार्वमत ठरले होते, पण हंगामी चराईसाठी तिथे येणाऱ्या मिसेरिया गुराख्यांना मत द्यायचे की नाही यावर ते ठरल्या वेळी झालेच नाही.

बोगनव्हिलमध्ये प्रश्न दुहेरी होता. युद्धामुळे बाहेर पडलेले, नोकरी-शिक्षणासाठी देशाच्या इतर भागांत गेलेले बोगनव्हिली लोक होते. आणि बाहेरून येऊन तिथे राहिलेले लोकही होते. बेटाच्या राज्यघटनेनुसार, ज्याच्या कुळाची बेटावर परंपरागत जमीन आहे तो बोगनव्हिली. त्या कुळात जन्माने, दत्तक घेण्याने किंवा रूढीने आलेला, तसेच अशा व्यक्तीशी विवाह केलेला किंवा तिचे अपत्य असलेला माणूसही त्यात धरला जातो. बाहेर राहणाऱ्या अशा सर्वांना मताचा हक्क देण्यात आला. त्यांच्यासाठी देशाच्या इतर भागांत, तसेच ऑस्ट्रेलिया आणि सॉलोमन बेटांतही मतदानाची सोय झाली. आणि बेटावर राहणाऱ्या नियमित मतदारांना, ते मूळचे कुठलेही असोत, यादीबाहेर काढण्यात आले नाही. दोन्ही बाजूंनी दार उघडे ठेवल्यामुळे यादी कोणाच्या बाजूने झुकवली असे म्हणणे कठीण झाले.

या ठिकाणी गटात गोव्याचा विषय निघणे अपरिहार्य होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. मुंबईत आणि इतरत्र राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावे ही विलीनीकरणाच्या विरोधकांची मागणी होती आणि ती मान्य झाली नव्हती. आमच्यातल्या एका सदस्यांचे आजोबा त्या काळी गिरगावात राहत होते आणि आपल्याला विचारले नाही ही खंत त्यांनी शेवटपर्यंत बाळगली. गोव्यात निकालाचा फरक ३४ हजारांचा होता आणि कौल विरोधकांच्याच बाजूने गेला, म्हणून ते दुखणे चिघळले नाही. उलटे झाले असते तर यादीचा तो वाद किती पिढ्या चालला असता, याचा विचार करावा.

पंच आणि प्रश्न

गोव्यातली दुसरी गोष्ट म्हणजे दयानंद बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये दिलेला राजीनामा. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे सरकारच कौल घेते आहे असा संशय राहू नये यासाठी ते पायउतार झाले. बोगनव्हिलमध्ये कोणतेही सरकार बाजूला होणार नव्हते. दोन्ही पक्षकार होते. म्हणून दोघांचे प्रतिनिधी आणि दोन्हींकडचे निवडणूक आयुक्त असलेला स्वतंत्र सार्वमत आयोग नेमण्यात आला आणि अध्यक्षपद बाहेरच्या माणसाला, आयर्लंडचे माजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांना देण्यात आले. १९९८ चा उत्तर आयर्लंडचा करार आणि त्यावरची सार्वमते त्यांनी पंतप्रधान म्हणून पार पाडली होती. बाहेरच्या अध्यक्षाला निवडणुकीचे तंत्र कळते म्हणून आणले असे नाही. त्याचा त्या बेटावर ना मामा ना मेहुणा, ही त्याची पात्रता.

प्रश्न काय विचारायचा यावर दोन्ही सरकारांचे ऑक्टोबर २०१८ मध्ये एकमत झाले: बोगनव्हिलला काय मिळावे, अधिक स्वायत्तता की स्वातंत्र्य? हो-नाही असा प्रश्न न ठेवता दोन होकारार्थी पर्याय ठेवल्याने मत देणाऱ्याला कशाला तरी नकार द्यावा लागत नाही, ही जमेची बाजू. पण स्वातंत्र्य हा शब्द सर्वांना कळतो. अधिक स्वायत्तता म्हणजे नेमके कोणते अधिकार, हे बराच काळ कोणी सांगू शकत नव्हते. एका पेटीत भरलेली वस्तू आणि दुसऱ्या पेटीवर नुसते नाव, अशी ती निवड होती. निकाल त्यामुळे बदलला असता असे मला वाटत नाही, तरीही दुसऱ्या पर्यायाला न्याय मिळाला नाही असे माझे मत आहे.

मतदान आधी जून २०१९ मध्ये व्हायचे होते, मग ऑक्टोबरवर गेले, शेवटी २३ नोव्हेंबर ठरली. निधी वेळेवर आला नाही आणि यादीचे काम बाकी होते. या पुढे ढकलण्यावर टीका झाली, पण कच्च्या यादीवर मतदान घेण्यापेक्षा तारीख सोडणे बरे, असे आयोगाने मानले. आमच्या बाईंनी या निर्णयाला विनाअट पाठिंबा दिला. आठशेहून अधिक केंद्रांवर पथके बोटीने, ट्रकने आणि पायी पोहोचली, दूरच्या प्रवाळबेटांपर्यंत. न्यूझीलंडच्या नेतृत्वाखालचे परदेशी पोलीस पथक होते, तेही निःशस्त्र. मतदान सुमारे ८७ टक्के झाले. बांबूच्या बासऱ्या वाजवत, नाचत लोक केंद्रांवर आले. ११ डिसेंबरला निकाल जाहीर झाला आणि एकही गाव जळले नाही.

बारा डिसेंबरचा प्रश्न

करारात निकालाविषयी लिहिले होते ते एवढेच: सल्लामसलत, मग संसदेचा निर्णय. सल्लामसलत किती काळ, कोणाच्या देखरेखीखाली, एकमत झाले नाही तर काय, आणि संसदेत कितीच्या बहुमताने, यांपैकी काहीही पक्के नव्हते. २००१ मध्ये ते संदिग्ध ठेवणे मला समजते. त्या संदिग्धतेशिवाय सह्या झाल्या नसत्या. दोन्ही बाजूंनी त्या वाक्यात आपापला अर्थ वाचला आणि बंदुका खाली ठेवल्या. परंतु २०१८ मध्ये दोन्ही सरकारे प्रश्नाचा मसुदा ठरवायला एकत्र बसली, तेव्हा शांतता वीस वर्षांची झाली होती आणि निकाल काय येणार हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत होते. निकालानंतरच्या वाटाघाटींची पद्धत त्याच बैठकांत, मतपत्रिकेइतक्याच काटेकोरपणे, ठरवून घ्यायला हवी होती. मतदान झाले की राजधानीची घाई संपते आणि बेटाचा हट्ट वाढतो, हे न कळण्याइतके कोणी नवखे नव्हते.

मतदारांना समजावून सांगण्यातही इथे कमी पडले. हा कौल बंधनकारक नाही हे अधिकृतपणे सांगितले गेले, पण अठरा वर्षे वाट पाहिलेल्या म्हाताऱ्या बाईला मत देताना आपण सल्ला देतो आहोत असे वाटले असेल, हे मला पटत नाही. बेलापूरचे काका म्हणाले, "आम्हाला पण कागद दिला होता. कागदावर 'कधी', ते लिहिलं नव्हतं." साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी ज्यांनी वर्षानुवर्षे चकरा मारल्या त्यांना तारीख नसलेल्या हक्काचा अर्थ नीट कळतो.

सप्टेंबर २०२० मध्ये क्रांतिकारी सेनेचे माजी कमांडर इश्माएल तोरोआमा अध्यक्षपदी निवडून आले. एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही सरकारांनी केलेल्या समझोत्यात राजकीय तोडगा २०२५ च्या आधी नाही आणि २०२७ च्या नंतर नाही असे ठरले; म्हणजे २००१ चीच युक्ती, किमान आणि कमाल मुदतीची, पुन्हा वापरावी लागली. मग संसदेतल्या बहुमतावरून गाडी अडली. देशाच्या सीमा बदलणारा ठराव असल्याने दोनतृतीयांश मते हवीत अशी राष्ट्रीय सरकारची भूमिका, तर साधे बहुमत पुरे अशी बेटाची. तिढा सोडवायला २०२४ मध्ये न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर जनरल जेरी माटेपारे यांना मध्यस्थ म्हणून बोलवावे लागले. बेटाच्या नेत्यांनी मार्च २०२५ मध्ये स्वातंत्र्याची तारीख सुचवली ती १ सप्टेंबर २०२७, म्हणजे १९७५ मध्ये अमान्य झालेल्या घोषणेचीच तारीख.

दोनतृतीयांश की साधे बहुमत, हा एका ओळीचा नियम. निकाल लागण्याआधी तो ठरवला असता तर ती कार्यपद्धती होती. निकाल लागल्यावर तोच नियम १,७६,९२८ मतांच्या बाजूने किंवा विरोधात घेतलेली भूमिका झाला. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाखाली वहीत पेन्सिलने दुसरा प्रश्न लिहिला आहे: मोजणी झाल्यावर मतपेटी कोणाकडे सोपवायची, आणि त्याने ती किती दिवसांत उघडायची?